ड्रायव्हर कोणता टाकू?

"भाऊ, लॅनचा ड्रायव्हर कोणता टाकू?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. (ड्रायव्हर म्हणजे सिस्टमला एखादं कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम.) कधी तालुक्याच्या सेवा केंद्रातून, कधी अभ्यासिकेतल्या पोरांकडून. मशीनवर विंडोजऐवजी फ्रीबीएसडी नाहीतर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम असते, केबल लावलेली असते आणि नेट लागत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो, कारण फोनवर हे नेहमी अर्धवट राहतं.

माझं पहिलं उत्तर दरवेळी तेच: अजून काही टाकू नका. आधी मशीन काय म्हणतंय ते वाचा.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. ग्रामपंचायतीच्या अंगणापलीकडे एका खोलीत अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पंचवीसेक पोरं-पोरी तिथे बसतात. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फायबरची पेटी आहे आणि इन्व्हर्टरही, म्हणून सर्व्हर तिथेच ठेवलाय. सर्व्हर म्हणजे कुणीतरी दिलेला जुना डेस्कटॉप, त्यावर फ्रीबीएसडी. त्याला दोन नेटवर्क कार्डं: एक फायबरकडे, दुसरं साठेक मीटर केबलने अभ्यासिकेतल्या स्विचकडे, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायच्या पेटीकडे. जुन्या प्रश्नपत्रिका, पुस्तकांच्या पीडीएफ, सगळं त्याच्यावर. बाहेरचं नेट गेलं तरी पोरांचा अभ्यास थांबत नाही. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी हे मशीन गप्प बसलं तर एखाद्याचं वर्ष जातं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून या विषयाची मला एवढी आच आहे.

मृगाच्या पहिल्या पावसात वीज पडली ती जवळच कुठेतरी. उघड्यावरच्या तांब्याच्या केबलमधून झटका आत आला आणि मदरबोर्डवरचं कार्ड गेलं. अमरावतीहून नवं कार्ड आणलं, स्लॉटमध्ये बसवलं, मशीन चालू केलं. नेट नाही. तेवढ्यात एका पोराने मोबाइलवरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर आणलाही होता, विंडोजचा. "भाऊ, हे टाकून पाहू का?"

त्याला शेजारी बसवलं आणि एकच कमांड द्यायला सांगितली: पीसीआयकॉन्फ, पुढे एल आणि व्ही. ही मशीनमधल्या पीसीआय कार्डांची हजेरी आहे. ज्या कार्डाला ड्रायव्हर मिळालाय त्याची ओळ ड्रायव्हरच्या नावाने सुरू होते. ज्याला मिळाला नाही त्याच्यापुढे 'नन' असतं, म्हणजे याचं कुणी नाही. आमच्या नव्या कार्डाची ओळ 'आरई०' अशी सुरू होत होती. म्हणजे ड्रायव्हर लागलेलाच होता. बूट होताना कर्नलने, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याने, कार्ड ओळखलं आणि आपल्याजवळचा आरई ड्रायव्हर त्याला जोडून मोकळा झाला. आपल्याला टाकायला काही उरलंच नव्हतं.

कर्नल ओळखतो कशावरून? प्रत्येक पीसीआय कार्डात दोन आकडे कोरलेले असतात, एक बनवणाऱ्याचा, एक चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक. खोक्यावर कोणत्याही कंपनीचं नाव असू द्या, आतली चिप बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची असते, आणि ड्रायव्हर खोकं वाचत नाही. म्हणून "अमक्या कंपनीचं कार्ड आहे, ड्रायव्हर सांगा" असं विचारलंत तर मला सांगता येत नाही. आकडे वाचून दाखवलेत तर लगेच सांगता येतं.

मग ड्रायव्हर असून नेट का नाही? फ्रीबीएसडीत इंटरफेसचं, म्हणजे सिस्टमच्या लेखी कार्डाचं, नाव ड्रायव्हरवरूनच पडतं. इंटेलच्या बऱ्याच गिगाबिट कार्डांना ईएम, रियलटेकच्या गिगाबिटला आरई, ब्रॉडकॉमला बीजीई. आमचं जळालेलं कार्ड इंटेलचं, त्यामुळे आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये आयपी पत्ता लिहिलेला होता ईएम०च्या नावाने. ईएम० गेला, आरई० आला, पण कागदावर आरई०चं नावच नाही. पोराला मी म्हणालो, सातबारा अजून आज्याच्याच नावावर आहे, फेरफार कोणी केलाच नाही. तो शेतकऱ्याचाच पोरगा, त्याला एका वाक्यात समजलं. आयएफकॉन्फिग_ईएम० या ओळीतली दोन अक्षरं बदलली आणि पोरांच्या मोबाइलवर पीडीएफ उघडायला लागल्या.

लिनक्सवर हीच हजेरी एलएसपीसीआय, पुढे के लावून मिळते. त्यात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ पाहायची. तिथे पूर्वी सगळ्यांना ईटीएच० म्हणत. २०१३पासून सिस्टमडीने, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, कार्ड मदरबोर्डच्या कुठल्या बसवर (जोडमार्गावर), कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून नाव द्यायला सुरुवात केली. म्हणून तिथे तेच कार्ड नुसतं दुसऱ्या स्लॉटमध्ये सरकवलं तरी नाव बदलू शकतं आणि फेरफार अडतो.

नाव जुळलं, तरी नेट नाही, असंही होतं. अशा वेळी आयएफकॉन्फिग आरई० एवढंच द्या आणि त्यातली 'स्टेटस' ओळ वाचा. 'नो कॅरिअर' असेल तर ड्रायव्हरला, पत्त्याला, कशालाच हात लावू नका. पलीकडून सिग्नल येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अभ्यासिकेच्या भिंतीला आम्ही एक वही टांगलीय. पोरं इंग्रजी ओळ पाहिली की बिचकतात, वाचतच नाहीत, म्हणून ती ओळ आणि शेजारी आपल्या बोलीत अर्थ, असं त्यांच्याच हाताने लिहवून घेतो. 'नो कॅरिअर'पुढे एकीने लिहिलंय: तारीत जीव नाही.

आमच्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाइन जाणं. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहतो, अभ्यासिकेतला स्विच बंद पडतो, आणि मला फोन येतो: "भाऊ, ड्रायव्हर उडाला!" ड्रायव्हर जागेवरच असतो.

पण एक प्रसंग निराळा होता, आणि त्यात चूक माझी होती. लिंक दर काही सेकंदांनी जायची आणि यायची. मेसेजेसच्या लॉगमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, 'लिंक स्टेट चेंज्ड टू डाउन', लगेच 'अप', पुन्हा 'डाउन', पानंच्या पानं. केबल थोडं अंतर जमिनीतून नेलेली होती. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात फुगून पुन्हा मिटते. त्या ओढाताणीत आतल्या काही तारा तुटल्या असणार. केबलमध्ये आठ तारा असतात. शंभर मेगाबिटला त्यातल्या चारच लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. पण वेग किती ठेवायचा ही बोलणी त्या चार तारांवरच होतात. त्यामुळे दोन्ही टोकं "हो, गिगाबिट" म्हणून राजी होतात, आणि प्रत्यक्ष आठ तारांवर जायची वेळ आली की लिंक पडते. मग पुन्हा बोलणी.

मी आरई०ला हुकूम दिला: मीडिया १००बेसटीएक्स, मीडियाऑप्ट फुल-डुप्लेक्स. म्हणजे वेग शंभर मेगाबिट, आणि दोन्ही बाजूंनी एकदम बोलायची मुभा; हाफ-डुप्लेक्समध्ये एका वेळी एकानेच बोलायचं. लिंक स्थिर झाली. मी निश्चिंत झालो. दोन आठवड्यांनी एक मुलगी म्हणाली, "भाऊ, पुस्तक उघडाले चहा पिऊन येण्याइतका टाइम लागून राह्यला." पिंग मारून, म्हणजे छोटी हाक देऊन उत्तर येतं का ते पाहिलं, ठणठणीत. मोठी फाइल मात्र रखडत होती.

नेटस्टॅट, पुढे मोठा आय आणि आरई०, असं देऊन पाहिलं तेव्हा उमगलं. 'आयएर्स'चा रकाना, म्हणजे खराब आलेली डेटाची पाकिटं, सारखा वाढत होता. मी एका बाजूने फुल-डुप्लेक्स ठोकून दिलं की कार्ड बोलणीच बंद करतं. पलीकडचा साधा स्विच बोलणी करायला बसलेलाच असतो. उत्तर येत नाही म्हटल्यावर तो सिग्नलवरून वेग ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही, आणि नियमाप्रमाणे हाफ धरतो. आता एक जण पाहिजे तेव्हा बोलतो, दुसरा समोरचा थांबायची वाट पाहतो. दोघे एकदम बोलले की स्विच याला टक्कर समजतो आणि पाकीट अर्ध्यात तोडतो. पिंगमध्ये एकदा हा बोलतो, एकदा तो, म्हणून तिथे काही कळत नाही. फाइल उतरवताना डेटा इकडून आणि पोच तिकडून एकाच वेळी चालतात, तिथे सगळं अडतं. दोन आठवडे पोरांनी ते सहन केलं, कारण मी मूळ दुखणं न काढता वरून फडकं बांधलं होतं. त्यानंतर मी कधी एकाच टोकाला डुप्लेक्स ठोकला नाही. तुम्हीही ठोकू नका. मीडिया ऑटोसिलेक्टवरच, म्हणजे बोलणीवरच, राहू द्या.

केबल नवी ओढली, जमिनीऐवजी भिंतीवरून, पाइपातून. टोकं पोरांनीच क्रिम्प केली, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवल्या. पहिल्या वेळी त्यांनी चार जोड्या ओळीने बसवल्या: नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी गिगाबिट टिकेना. कारण ३ आणि ६ या पिना एकाच जोडीच्या असाव्या लागतात. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्या पिळानेच बाहेरचा गोंधळ कटतो. हिरवीची एक तार ३वर आणि ६वर निळीची गेली तर पीळ असून नसल्यासारखा. टेस्टर फक्त तार या टोकाची त्या टोकाला पोचते का ते सांगतो, जोडी फुटलीय हे सांगत नाही. म्हणून क्रम पाठच करा: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या पोटात. पैसे जमले की हा टप्पा फायबरचा करायचाय. काचेतून विजेचा झटका येत नाही.

आणखी एक, थोडक्यात. दुरून लॉगिन करून सर्व्हिस नेटइफ रिस्टार्ट दिलंत तर डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा मुख्य रस्ता, पुसला जातो आणि तुम्ही बाहेर अडकता. त्याच ओळीत पुढे सर्व्हिस राउटिंग रिस्टार्ट जोडून द्या. मी एकदा ते न जोडता दिलं, आणि रात्री अकरा किलोमीटर मोटरसायकलने जावं लागलं.

आता कुणाला वाटेल, ड्रायव्हर खरोखर नसतो असं कधी होतच नाही का? होतं. मागच्या महिन्यात अंजनगावच्या एका केंद्रातून फोन आला. आमच्याच अभ्यासिकेत दोन वर्षं बसलेली मुलगी, आता तिथे कामाला आहे. नवा मदरबोर्ड, त्यावर फ्रीबीएसडी १३.

"भाऊ, नन० दाखवते. मी काई टाकलं नाही अजून. आकडे वाचू का?"

"वाच."

"१०ईसी. चिपचा ८१२५."

ही रियलटेकची अडीच गिगाबिटची चिप. फ्रीबीएसडी १३ मधला मूळचा आरई ड्रायव्हर तिला ओळखत नाही. त्यासाठी रियलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर पॅकेजमधून घ्यावा लागतो, रियलटेक-आरई-केमॉड. पॅकेज आणायला नेट हवं आणि नेटला पॅकेज, म्हणून तिला फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करायला सांगितलं. यूई० नावाचा इंटरफेस आला, त्यावरून पॅकेज उतरलं. मग बूट होताना वाचल्या जाणाऱ्या लोडर.कॉन्फ फाइलमध्ये दोन ओळी: इफ_आरई_लोडला 'येस', आणि इफ_आरई_नेमला बूट/मॉड्यूल्समधल्या फाइलचा पूर्ण पत्ता. दुसरी ओळ विसरू नका. कर्नलमध्ये त्याच नावाचा जुना आरई आधीच बसलेला असतो, म्हणून नवा कुठून उचलायचा ते लोडरला नेमकं सांगावं लागतं. चालू मशीनवर केएलडीलोड ही ड्रायव्हर चढवायची कमांड देऊन हे काम होत नाही. रिबूटच करावं लागतं.

फोन तिने चालूच ठेवला होता. मशीन पुन्हा उठेपर्यंत दोघंही गप्प. मग तिचा आवाज आला, ती एकेक ओळ वाचत होती. "आरई०. मीडिया ऑटोसिलेक्ट. स्टेटस ॲक्टिव्ह." थोडं थांबून म्हणाली, "भाऊ, आता फेरफार करतो. पत्ता कोणता लिहू?"