फुटक्या कन्यापेशींचे तीन आठवडे

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला पावाच्या किण्वाचा (यीस्टचा) एक वाण मिळाला होता, ज्यातून कायटिन सिंथेज-१ या, पेशीभित्तिकेतील कायटिन हे चिवट द्रव्य विणणाऱ्या विकराचे जनुक काढून टाकलेले होते. वाढ उत्तम होती. परंतु मेलेल्या पेशींना निळे करणारे मिथिलीन ब्लू हे रंजक घालून पाहिले की जागोजागी एकच दृश्य दिसे: टपोरी, रंगहीन, जिवंत मातृपेशी आणि तिला चिकटलेली चिमुकली, निळी पडलेली, रिकामी कन्यापेशी. मरायची ती लेकच.

मी आधी ऊर्ध्वपातित पाण्याला दोष दिला आणि दोन आठवडे पाणी बदलण्यात घालवले. मग एके दिवशी पावसाने हार्बर मार्ग ठप्प झाला, फ्लास्क अठराऐवजी तीस तास शेकरवर (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) राहिला आणि निळ्या कन्यापेशी कधी नव्हत्या इतक्या वाढल्या. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तक्ता पाहून एवढेच विचारले, "पीएच पाहिलास का?" पट्टी बुडवली तर पीएच तीनच्या आसपास उतरलेला होता, कारण किण्व वाढताना माध्यमात आम्ल सोडत राहते.

मग एन्रिको काबिब आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा शोधनिबंध वाचला. विभाजनाच्या वेळी मातृपेशी आणि कन्यापेशी यांच्यामध्ये अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांचे कडे आवळत जाते, त्याच्यामागोमाग कायटिन सिंथेज-२ कायटिनचा पातळ पडदा विणते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भित्तिकेचे जाड थर चढतात. पुढे दोघींना विलग करण्यासाठी कायटिनेज हे विकर कन्यापेशीच्या बाजूने कायटिन कुरतडते. आम्लात ते जोमाने चालते आणि नको तितके खाते. ते भोक बुजवण्याचे काम सिंथेज-१ चे. ते नसेल तर जन्मव्रणाच्या (मातेपासून सुटताना कन्यापेशीवर राहणाऱ्या खुणेच्या) मध्यभागी छिद्र उरते आणि आतील पाण्याचा दाब, जो एरवी अखंड भित्तिका सहज पेलते, त्या छिद्रातून पेशीद्रव्य बाहेर ढकलतो. (डागडुजीसाठी निराळे विकर राखून ठेवण्याची ही तजवीज मला अजूनही थक्क करते.)

माध्यमात पीएच स्थिर राखणारे बफर घालून त्याच वाणाचा नवा फ्लास्क लावला. दुसऱ्या दिवशी दोनशे कन्यापेशी मोजल्या, त्यांत निळ्या फक्त तीन निघाल्या. वहीतील पाण्याच्या दोषाची पाने मी फाडणार होते. मॅडमनी ती फाडू दिली नाहीत, फक्त वर तिरपी रेघ मारून तारीख घालायला लावली.