तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरू गेल्यावरची मोडतोड

फोंड्याचं आमचं घर आम्ही कोर्टातून रिकामं करून घेतलं. ते कळल्यापासून ओळखीतले घरमालक एकच विचारतात: "आत नासधूस करून गेला असेल तर आधी काय करायचं?"

आधी झाडू हातात घ्यायचा नाही. घराची ती दशा बघवत नाही, त्याच दिवशी गवंडी बोलवावासा वाटतो. पण साफसफाई झाली की पुरावाही गेला. कोर्टाचा माणूस, म्हणजे बेलिफ, ताबा देतो तेव्हाच्या पंचनाम्यात मोडतोड खोलीवार लिहून घ्या, फोटो काढा, विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा. कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर थकबाकी तुमच्याच गळ्यात येते. मागे राहिलेलं सामान रस्त्यावर फेकू नका. यादी करून ठेवा आणि न्यायला लेखी कळवा.

मग नुकसान कशाला म्हणायचं, ते ठरवा. इथे मला कळकळीने सांगायचंय, कारण रागाच्या भरात लोक सगळंच भाडेकरूच्या माथी मारतात. आमच्या हॉलमध्ये एसी असा ओढून काढला होता की स्क्रू प्लास्टरसकट बाहेर आले होते आणि आतला तांबडा चिरा उघडा पडला होता. बेसिनचा नळ गायब, पाइपात चिंधीचा बोळा. हे त्याचंच काम. पण त्याच भिंतीला खाली लोणा धरला होता, कपाटामागे बुरशी होती. ती गोव्याच्या पावसाची करणी. घरात आम्ही राहत असतो तरी झालीच असती. ती मी हिशेबात धरली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्येही तेच आहे: घर घेतलं तसं परत करायचं, रोजच्या वापराने होणारी झीज सोडून. हे भाडेपट्ट्याचं झालं. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेपट्टा न करता नुसती राहायची परवानगी, असेल तर करारात काय लिहिलंय ते आधी बघा.

पोलिसांकडे जावं का? मुद्दाम केलेली तोडफोड हा गुन्हा आहे, तक्रार जरूर द्या. पैसे मात्र बहुधा दिवाणी मार्गानेच मागावे लागतात, तेही तीन वर्षांच्या आत.

त्याआधी डिपॉझिट आहेच. दुरुस्तीची बिलं जोडून, कशाचे किती कापले ते लिहून हिशेब त्याला स्पीड पोस्टाने पाठवा. त्याचे पैसे उरत असतील तर तेही सोबतच परत करा.