दबाई १०२ टक्के कशी काय?

कॉलेजात सॉइलच्या प्रॅक्टिकलला मातीची घनता मोजायला आम्ही कोअर कटर, म्हणजे धारदार कडेची नळी, वापरायचो, तोही मैदानाच्या कडेच्या मऊ मातीत. आतला व्यास १०० मिमी, उंची १३० मिमी, वर डॉली (ठोके झेलणारं कडं) ठेवून ९ किलोच्या रॅमरने ठोकायचं, की नळी सुतासारखी सरळ आत. इंटर्नशिपला मराठवाड्यातल्या एका रस्त्याच्या कामावर गेले तर भराव मुरमाचा. मुरमात कटर खड्यावर अडतो, धार वाकते आणि वर काढताना अर्धा नमुना खालीच राहतो. त्यामुळे साईटवर ‘एफडीटी’, म्हणजे थराची दबाई किती झाली हे बघायची जागेवरची घनता चाचणी, ही सँड रिप्लेसमेंटनेच, म्हणजे खड्ड्यात वाळू भरून.

पद्धत कागदावर सोपी आहे. दबाई झालेल्या थरावर भोकाचा ट्रे ठेवायचा, छिन्नी-हातोडीने १०० मिमी व्यासाचा, साधारण १५० मिमी खोल खड्डा घ्यायचा, निघालेला सगळा मुरूम पिशवीत बांधून वजन करायचा. मग सिलिंडरमधली कोरडी वाळू खड्ड्यात सोडायची. किती वाळू गेली त्यावरून खड्ड्याचं घनफळ. सिलिंडरखालच्या शंकूत राहणारी वाळू वजा करायला विसरायचं नाही, आणि ती वजाबाकी सपाट जागेवर काढलेली असते, म्हणून खड्ड्याभोवतीची जागाही घासून सपाट करायची.

प्रयोगशाळेतल्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मॅडम, आधी रोलरवाल्याला थांबवा, मग वाळूचा खटका उघडा.” कारण पुस्तकात एका ओळीत असतं, पण साईटवर ते पटतं. शेजारी व्हायब्रेटरी रोलर चालू असेल तर पडणारी वाळू हादऱ्याने घट्ट बसते, जास्त वाळू जाते, खड्डा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि घनता कमी येते. चांगला थर उगाच नापास. दमट वाळूचं उलट. ती मोकळी वाहत नाही, कमी जाते, खड्डा लहान दिसतो आणि थर फुकटात पास होतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण पास झालेल्या थराकडे पुन्हा कोणी बघत नाही. पावसाळी हवेत काका वाळू झाकणाच्या डब्यात ठेवायचे, वापरण्याआधी तव्यावर गरम करून थंड करायचे.

कोरडी घनता काढायला ओलावा लागतो, पण त्यासाठी ओव्हनची वाट कोण बघतो? १०५ ते ११० अंशांत २४ तास ठेवायला रोलर मोकळा नसतो. कॅल्शियम कार्बाइडचं रॅपिड मॉइश्चर मीटर वापरतात. पाण्याशी कार्बाइड मिळून ॲसिटिलीन तयार होतो आणि त्याच्या दाबावर गेज चालतो. हा आकडा ओल्या वजनावर असतो, आपल्याला कोरड्या वजनावर लागतो. गेज ८.३ दाखवत असेल तर ८.३ भागिले ९१.७, म्हणजे ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास. तोंडी परीक्षेत हे विचारतात, साईटवर बरेचजण तसाच गेजचा आकडा लिहून टाकतात.

आता १०२ टक्क्यांची गोष्ट. सबग्रेडच्या (रस्त्याच्या थरांखालच्या भरावाच्या माथ्याच्या) एका थरावर निघालेला ओला मुरूम २४८० ग्रॅम, खड्ड्यात गेलेली वाळू १६५० ग्रॅम, वाळूची घनता घनसेंमीला १.४५ ग्रॅम. घनफळ ११३८ घनसेंमी, ओली घनता २.१८, कोरडी २.००. रजिस्टरमधली एमडीडी, म्हणजे प्रयोगशाळेत त्या मुरमाची मिळालेली कमाल कोरडी घनता, होती १.९६. २.०० भागिले १.९६, म्हणजे दबाईची टक्केवारी १०२. सबग्रेडला हेवी प्रॉक्टर या प्रयोगशाळेतल्या दबाई चाचणीत मिळालेल्या एमडीडीच्या ९७ टक्के हवी होती, त्यामुळे ठेकेदाराचा सुपरवायझर खूश. सल्लागाराकडच्या इंजिनिअरनी मात्र सही केली नाही.

शंभरावर जाणं अशक्य नाही. एमडीडी ही निसर्गाची मर्यादा नव्हे. १९३३ मध्ये राल्फ प्रॉक्टर यांनी धरणांच्या मातीसाठी प्रॉक्टर चाचणी मांडली, आणि तिच्यात ठरावीक ऊर्जा दिली जाते. हेवी चाचणीत ४.९ किलोचा रॅमर ४५० मिमीवरून, पाच थर, प्रत्येकी २५ ठोके. ही ऊर्जा लाइट चाचणीच्या सुमारे साडेचार पट. रोलरने त्याहून जास्त दिली तर घनता वर जाईल. पण आपल्या रोलरने एवढं केलं असेल, असं मानण्याआधी दोन साधी कारणं तपासायची. एक, खड्ड्यात मोठा दगड आला का? प्रॉक्टरला बारीक चाळलेला मुरूम घेतात, थरात मात्र बेसॉल्टचे जड तुकडे असतात. दोन, ज्या मुरमाचा एमडीडी लिहिलाय तोच मुरूम इथे पडलाय का?

दगड नव्हता. डंपरच्या पावत्या काढल्या, तर खाण बदलली होती. आधीचा मुरूम पिवळसर, मातीचा भाग जास्त असलेला. हा लालसर आणि भरड. तोंडी सगळ्यांना ठाऊक होतं, रजिस्टरला नव्हतं. नव्या खाणीचा नमुना आणून प्रॉक्टर केला. एमडीडी २.०८, अनुकूल ओलावा साडेआठ टक्के. त्याच खड्ड्याची टक्केवारी आता ९६.१. म्हणजे नापास.

मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खड्डा, वाळू, वजनकाटा यांवर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष देत होतो, आणि भागाकारातला खालचा आकडा कुठून आला, हे कोणी विचारत नव्हतं. सुपरवायझर जरा वैतागले, “अहो, थर तर तोच आहे ना!” थर तोच होता हे खरं.

प्रॉक्टर होईपर्यंत वरचा भाग सुकला होता. टँकरने हलकं पाणी मारलं, ते मुरू दिलं आणि रोलरच्या आणखी फेऱ्या झाल्या. नव्या जागी खड्डा घेतला, कोरडी घनता २.०४, म्हणजे ९८ टक्के. सही झाली आणि ग्रेडर पुढच्या थराला लागला. एफडीटीच्या रजिस्टरमध्ये आता खाणीचा एक रकाना वाढला आहे, आणि तो भरल्याशिवाय काका सिलिंडर उचलत नाहीत.