थंड झाल्यावर कडू निघालेली स्टाउट ब्राउनी

गरम असताना उत्तम आणि थंड झाल्यावर कडू, अशी तक्रार ब्राउनीबद्दल सहसा येत नाही. त्या दिवशी आमच्या किचनमध्ये ती आली, आणि तीही चाखून पास केलेल्या मालाबद्दल. मोठ्या ऑर्डरचे ट्रे आदल्या संध्याकाळी भाजून झाले होते. ओव्हनमधून निघाल्यावर अर्ध्या तासाने कोपऱ्यातला तुकडा खाऊन शेफनी होकार दिला होता. सकाळी फ्रिजमधून काढून कापायला घेतले, तर त्याच मालाचा कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर चिकटून राहत होता. रेसिपी तीच, ओव्हन तोच, कोको त्याच पोत्यातला. बदलली होती फक्त बिअर. स्टाउट म्हणजे भाजलेल्या जवाची काळी, कडवट बिअर; नेहमीची मिल्क स्टाउट उपलब्ध नव्हती म्हणून खरेदी विभागाने दुसरी पाठवली होती; स्टाउट म्हणजे स्टाउट, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब किती चुकीचा आहे हे आकड्यांतच दिसतं. २३ बाय ३३ सेंटीमीटरच्या एका ट्रेला आमचं माप असं: डार्क चॉकलेट ३४० ग्रॅम, बटर २२५, साखर ४०० (त्यातली १५० ब्राउन), ४ अंडी आणि वर २ पिवळे बलक, मैदा १३०, कोको ६०, मीठ ६ ग्रॅम, आणि ४४० मिली स्टाउट आटवून ११० मिली. बेकिंग पावडर नाही. आटवताना पाणी जातं, अल्कोहोल बहुतेक जातं, गॅस तर पहिल्या उकळीलाच जातो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा मात्र वाफेबरोबर उडत नाही. तो आयबीयू या एककात मोजतात. ढोबळमानाने एक आयबीयू म्हणजे लिटरमागे एक मिलीग्रॅम आयसो-अल्फा आम्ल, हॉप्स उकळल्यावर तयार होणारं कडू द्रव्य. नेहमीची मिल्क स्टाउट २५ आयबीयूची, म्हणजे ट्रेमागे ११ मिलीग्रॅम. बदली आलेली ६० ची, म्हणजे २६. शिवाय मिल्क स्टाउटमध्ये दुग्धशर्करा असते, बिअरचं यीस्ट ती खात नाही, त्यामुळे ती शेवटपर्यंत टिकते आणि कडूपणाला थोडं झाकते. बदली बिअरमध्ये तो आधारही नव्हता. कॅनवर हे सगळं छापलेलं होतं. वाचायला कुणी थांबलं नाही, याचा मला अजून राग आहे.

आता गरम असताना ते कळलं का नाही? गोडी तापमानाबरोबर वाढते. कोमट तुकड्यात साखर पुढे येते, चॉकलेटमधला कोको बटर वितळलेला असतो, आणि कडू चव त्या दोन्हींच्या मागे दबते. फ्रिजमधल्या तुकड्यात गोडी मागे हटते आणि झाकलेलं उघडं पडतं. म्हणून ब्राउनी ज्या तापमानाला वाढायची त्याच तापमानाला चाखायची, हा नियम मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. ओव्हनच्या तोंडाशी उभं राहून दिलेला पास मी पास मानतच नाही.

आटवण्याची पद्धत नीट सांगतो, कारण 'बिअरची एक बाटली घाला' एवढ्यावर भागवणाऱ्या रेसिपींनी बरंच नुकसान केलं आहे. पातेलं बिअरच्या किमान चौपट मापाचं हवं, कारण फेस झपाट्याने वर येतो. मध्यम आचेवर ठेवायचं आणि पहिला फेस झाऱ्याने काढून टाकायचा. आयसो-अल्फा आम्लं फेसात गोळा होतात, म्हणून फेस बिअरपेक्षा कडू असतो. पातेलं वजनकाट्यावर ठेवून वजन बघत राहायचं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. चौथ्या हिश्शावर आल्यावरही ते मधासारखं दाट दिसणार नाही, पातळच राहील. दाट दिसावं म्हणून आणखी आटवणारे लोक ट्रे हमखास बिघडवतात.

मग येतो चॉकलेट आणि पाण्याचा प्रश्न. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं की ते आखडतं, म्हणजे घट्ट, रवाळ गोळा होतं, पण पुरेसं पाणी एकदम पडलं तर आखडत नाही. डार्क चॉकलेटला ६० ग्रॅममागे निदान १५ मिली, म्हणजे ३४० ला साधारण ८५. आपले ११० त्याच्या वर आहेत, म्हणून काळजी नाही; अट एवढीच की आटवलेली स्टाउट ५० अंशांच्या आसपास कोमट असावी आणि सगळी एकाच वेळी ओतावी. थेंबाथेंबाने घालणारा त्याच आखडण्याच्या टप्प्यातून जातो. स्टाउटच्या या जादा ओलाव्यामुळेच आम्ही दोन अंड्यांचे पांढरे बलक वगळतो. नाहीतर ब्राउनी केकसारखी फुगते आणि वरची पापडी चमकत नाही. भाजायचं १७५ अंशांवर, २८ ते ३२ मिनिटं, मध्यभाग ८५ ते ८८ अंशांवर येईपर्यंत.

ऑर्डर वाचवायला आम्ही पांढऱ्या चॉकलेटचा थर दिला: चॉकलेट ३००, क्रीम १००, मीठ २ ग्रॅम, तीन मिलीमीटर जाडीचा. मिठातलं सोडियम कडू चव दाबतं, त्यामुळे त्या २ ग्रॅमनी केलेलं काम आणखी साखर टाकून झालं नसतं. ट्रे फ्रिजमध्ये परत न ठेवता खोलीच्या तापमानाला पाठवले. लेबलवर जव आणि अल्कोहोल दोन्ही लिहिलेलं होतं, आणि ते कधीच गाळू नये: मैद्याऐवजी बदामाचं पीठ वापरलं तरी स्टाउटमुळे ब्राउनी ग्लूटेनमुक्त होत नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण २६ मिलीग्रॅमच्या मानाने तो कडवटपणा मला जास्त वाटला, म्हणून उरलेल्या आटवणीची परीक्षा घेतली. ११० मिली आटवणीत २७५ मिली पाणी आणि ४० टक्क्यांची ५५ मिली वोडका घालून परत ४४० मिली केली. बिअर ५ टक्क्यांची होती, तेवढं अल्कोहोल भरून निघालं. शेजारी तीच बिअर, ढवळून गॅस काढलेली. दोन्ही एकाच तापमानाला चाखल्या. कडूपणा बिअरचाच असेल तर दोन्ही सारख्या लागायला हव्यात. आटवणीची स्पष्टपणे जास्त कडू होती.

करपलं म्हणावं तर पातेल्याचा तळ स्वच्छ होता. कडेला मात्र एक तपकिरी वळं होतं. पातळी खाली जाते तशी बाजूला पापुद्र्यासारखी बिअर सुकते, उंच अरुंद पातेल्यात ज्योत बाजूंनी वर येते, आणि ते वळं भाजून पुन्हा खाली विरघळतं. आमचे शेफ तेच कारण धरून बसले आहेत. मला दुसरा संशय आहे. बदली बिअरमध्ये आंबवण्यानंतर कोरडे हॉप्स घातलेले होते, हेही कॅनवर होतं. अशा हॉप्समधली अल्फा आम्लं उकळलेली नसतात, आणि उकळलं की त्यांचं आयसो-अल्फा आम्लांत रूपांतर होऊन कडूपणा वाढतो. माझ्या विरोधातला मुद्दाही खरा आहे: बिअर वर्टपेक्षा, म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यापेक्षा, आंबट असते, त्यामुळे हे रूपांतर तिच्यात सावकाश होतं, आणि तिच्यात अशी आम्लं विरघळतातही कमीच.

दोन्ही कारणं वेगळी काढता येतात. तीच बिअर घट्ट झाकणाच्या पातेल्यात ४० मिनिटं मंद उकळवायची, म्हणजे पाणी कमी होणार नाही आणि कडेचं वळंही धरणार नाही. ती कडू झाली तर हॉप्स. नाही झाली तर दोष पातेल्याचा, आणि मग आटवताना कडा ओल्या ब्रशने सतत खाली उतरवायच्या आणि पातेलं रुंद घ्यायचं. त्या बिअरचे दोन कॅन मी बाजूला काढून ठेवायला सांगितलेत.