तीन बॅगा आणि एक खांदा

बॅग घ्यायला मला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात आमच्या सोसायटीत दोन लग्नं जमली आणि त्यातलं एक मोडलं, पण माझी बॅग काही ठरेना.

मी राहते पुण्यात, बावधनला. नोकरी रुबी हॉलच्या जवळ, एका सीएच्या ऑफिसात. सकाळी सायकल काढायची, चांदणी चौकाचा चढ चढायचा, कोथरूडच्या बाजूला उतरून वनाझला सायकल लावायची आणि पुढे मेट्रो. शनिवारी रस्ते त्यातल्या त्यात बरे असतात, तेव्हा पूर्ण प्रवास सायकलनेच, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. बरोबरचं सामान एकदा हुकाच्या काट्याला लटकवून तोललं. चौदा इंची लॅपटॉप, चार्जर, भरलेला डबा, ऑफिसात बदलायचा कुर्ता, रेनकोट आणि एक फाइल. पाच किलोला थोडंसंच कमी भरलं.

आधी मुलीची कॉलेजातली सॅक वापरत होते. ती वाईट नव्हती. वजन दोन्ही खांद्यांवर सारखं पडायचं, चढावर बूड उचललं तरी सॅक जागची हलायची नाही. वैताग यायचा मेट्रोत. स्टेशनवर बॅग स्कॅनरमध्ये टाकायची, म्हणजे दोन्ही पट्टे काढा, परत घाला. डब्यात गर्दी असली की सॅक मागच्याला लागते. पुढे घेतली की आठवा महिना लागल्यासारखं दिसतं. आणि चावी, पास, चष्मा, जे हवं ते नेमकं पाठीवर.

कॅरिअरला लटकवायच्या पॅनिअर पिशव्यांचाही विचार केला. स्पष्टच सांगते, रोज पूर्ण अंतर सायकलने जायचं असतं तर मी त्याच घेतल्या असत्या. ओझं पाठीवर नसणं यासारखं सुख नाही. पण माझ्या सायकलला कॅरिअर बसवायला भोकंच नाहीत, आणि सायकल वनाझला लावल्यावर ती पिशवी हातात धरून जिने चढायची म्हणजे मंडईतून आल्यासारखं. म्हणून एका खांद्यावरून तिरकी घ्यायची मेसेंजर बॅग. तिरकी पिशवी मला नवी नाही म्हणा. कॉलेजात शबनम अडकवून सायकल चालवली आहे, आणि तिचा बंद हँडलमध्ये अडकून भर टिळक रस्त्यावर पडलेही आहे.

पहिली बॅग ऑनलाइन घेतली, साडेसातशेला. फोटोत कॅनव्हासची दिसत होती, वर चामड्याचे दोन देखणे पट्टे. हातात आल्यावर कळलं की कापड मॅटीचं आणि चामडं रेक्झिनचं. बकलं तर नुसती शोभेची, आत साधं लोहचुंबकाचं बटण. तरी म्हटलं, चालेल. ऑफिसात सगळ्यांनी छान म्हटलं.

चांदणी चौकाच्या चढावर दुसऱ्याच दिवशी तिने रंग दाखवला. सीटवरून उठून दोन पायडल मारली आणि पाच किलो वजन पाठीवरून घसरत पोटाशी आलं, गुडघ्यावर आपटलं. एका हाताने मागे ढकललं, चार पायडलांनी पुन्हा पुढे. मागून पीएमपीची बस. संध्याकाळी परत येताना कोथरूडच्या बाजूचा चढ जास्त लांब, तिथे मी चक्क उतरून सायकल ढकलली.

जुलैत बाकीचं कळलं. पौड रस्त्यावर वीस मिनिटं पावसात सापडले. रेनकोट अंगात, आणि बॅग रेनकोटाच्या वर. वनाझला झापड उघडली तर आत फाइलच्या खालच्या कडेला पाणी चढलेलं, एका क्लायंटची सगळी व्हाउचरं एकमेकांना चिकटलेली. दुपारभर ती पंख्याखाली पेपरवेट ठेवून वाळवली. लॅपटॉप वाचला तो केवळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायच्या माझ्या जुन्या सवयीमुळे. सरांना आजवर सांगितलेलं नाही.

मग मी जरा चिडून अभ्यासाला लागले. कापडावर ५००, १००० असे आकडे लिहिलेले असतात ते डेनिअरचे, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम भरतं ते. आकडा मोठा तर धागा जाड, घासायला दमदार. पण पाणी अडवायचं काम धागा करत नाही, ते आतून दिलेला लेप करतो. स्वस्त बॅगांना पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो दमट हवेत दोन-चार वर्षांत चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. माळ्यावरची जुनी बॅग काढल्यावर हाताला जो गुळासारखा चिकटा लागतो ना, तो हाच. ताडपत्रीसारखं पीव्हीसी लावलेलं कापड जड असतं, उन्हात कडक वास मारतो, पण त्यातून पाणी जात नाही. जातं ते शिवणीतून. सुई जिथे जिथे गेली तिथे भोक आहे, हे इतकं उघड असून कोणी सांगत नाही.

त्यानंतर प्रत्येक बॅगेची परीक्षा आमच्या बाथरूममध्ये झाली. आत जुन्या पेपरचे बोळे भरायचे, बॅग उलट्या बादलीवर तिरकी टेकवायची, शॉवर दहा मिनिटं सोडायचा. मग बोळे काढून बघायचं कुठला ओला आहे. पहिल्या बॅगेचे सगळेच ओले निघाले, अस्तर पिळून काढावं लागलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, पाण्याचं बिल कोण भरणार?"

दुसरी बॅग विकत घेतली नाही, मुलीच्या मित्राकडून महिनाभर उसनी आणली. खरी परदेशी, कुरिअरवाल्यांच्या जातीची. या बॅगांचं मूळ सायकलवरून टपाल पोचवणाऱ्यांकडे आहे. टिंबकटू ही कंपनी सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ साली सायकलवरून कुरिअर पोचवणाऱ्या एकाने सुरू केली. झुरिकमधल्या फ्रायटाग भावांनी १९९३ साली ट्रकची वापरलेली ताडपत्री, गाडीचे सीटबेल्ट आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा जोडून अशीच बॅग केली. आपल्याकडे खाकी पिशवी खांद्यावरून तिरकी घेऊन सायकलवर फिरणारा पोस्टमन आधीपासून होताच, त्याला कोणी मेसेंजर म्हटलं नाही एवढंच. एकाच पट्ट्याचं कारणही तेच. दिवसातून चाळीस वेळा पिशवी पुढे ओढून काहीतरी काढायचं, परत पाठीवर ढकलायची. मी दिवसातून चार-पाच वेळा काढते, पण त्या चारही वेळा मागे माणसांची रांग असते, तेव्हा माझंही तेच काम.

त्या बॅगेत पहिल्यांदा जास्तीचा पट्टा पाहिला. मुख्य पट्टा डाव्या खांद्यावरून जातो. बॅगेच्या खालच्या बाजूने दुसरा एक बारीक पट्टा डाव्या काखेखालून पुढे येतो आणि छातीजवळ मुख्य पट्ट्याला अडकतो. बस्स, एवढंच. पण चढावर बॅग जागची हलली नाही. मला हे आधी माहीत असतं तर साडेसातशे वाचले असते.

तरी ती माझी बॅग नव्हती. एक तर ती अवाढव्य, आत आमची मनीमाऊ पिल्लांसकट मावली असती. दुसरं म्हणजे मी उंचीने जेमतेम पाच फूट. पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी बॅग कमरेखाली लोंबायची आणि सीटला घासायची. या बॅगा सहा फुटी पुरुषांच्या मापाने शिवतात, आणि वर 'युनिसेक्स' लिहितात. आणि तो पाच सेंटीमीटर रुंद पट्टा छातीवर नेमका कुठून जाणार याचा विचार शिवणाऱ्याने कधी केलेला नसतो. पट्टा सैल असेल तर तो छातीच्या मधोमध जातो, दिसायला वाईट आणि श्वास घेताना त्याहून वाईट. बॅग उंच, खांद्यांच्या पात्यांपर्यंत ओढली की पट्टा गळ्याजवळून वर जातो आणि प्रश्न जवळपास मिटतो. म्हणजे आमच्यासाठी पट्टा आखूड होणं ही चैन नव्हे.

खांदा कोणता, हाही एक मुद्दा. परदेशातले सल्ले वाचून डोकं फिरतं, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी वाहनं उजवीकडून चालतात. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, मागची गाडी उजवीकडून येते, मान वळते ती उजव्या खांद्यावरून. बॅगेचं वरचं टोक ज्या खांद्याला असतं त्या बाजूचं मागचं दिसत नाही. म्हणून पट्टा डाव्या खांद्यावर. काही बॅगांचा खांद्यावरचा गादीचा भाग एकाच बाजूला बसेल असा वळणदार शिवलेला असतो, तो घेण्याआधी बघून घ्यावा.

डब्याचं मात्र कोणीच कुठे लिहीत नाही. मेसेंजर बॅग पाठीवर तिरकी बसते, त्यामुळे आत सरळ ठेवलेलं काहीही सरळ राहत नाही. उसन्या बॅगेत चौथ्या दिवशी मटकीची उसळ सांडली. लॅपटॉपच्या करड्या कव्हरावर हळदीचा डाग अजून आहे, नकाशातल्या श्रीलंकेसारखा. स्टीलचा गोल डबा घरी राहिला, चार बाजूंनी खटके लागणारा चपटा आला. आमटी बंद. सासूबाई म्हणाल्या, "कोरड्या भाजीवर दिवस काढायचे, आणि ते बॅगेसाठी?" मी काही बोलले नाही, कारण त्यांचं बरोबर होतं.

तिसऱ्या वेळी ऑनलाइनचा नाद सोडला. कॅम्पातल्या एका दुकानात सायकल घेऊनच गेले, बरोबर सगळं सामान, डब्यासकट. बॅग भरली, अडकवली, फुटपाथवर सायकलवर बसून हँडल धरून वाकले, मान वळवून मागे बघितलं. दुकानातला मुलगा आधी हसला, मग त्याला मजा वाटायला लागली आणि तो आतून एकेक नवी बॅग आणून देऊ लागला. रिकामी बॅग आरशासमोर अडकवून काही कळत नाही. आरशात सगळ्याच छान दिसतात. एकीची झापड आखूड होती, डबा ठेवला की बाजूने आत बोट जाईल एवढी फट राहायची, म्हणजे पावसाला निमंत्रण. दुसरीत लॅपटॉपचा कप्पा तळाला टेकलेला, बॅग खाली ठेवली की लॅपटॉप थेट फरशीवर. मी घेतली ती अठरा लिटरची. आत ताडपत्रीसारखं वेगळं अस्तर, झापडीचे दोन्ही कान दुमडून बाजू झाकणारे, लॅपटॉपचा कप्पा तळापासून चार बोटं वर. तो काखेखालचा जास्तीचा पट्टा होता. रंग राखाडी, मला न आवडणारा. दोन हजार आठशे.

बाथरूमच्या परीक्षेत एकच बोळा ओला निघाला, मागचा पट्टा जिथे शिवला आहे त्या कोपऱ्यातला. तिथे आतून ट्यूबच्या पंक्चरचं ठिगळ चिकटवलं. दोन पावसाळी महिने झाले, टिकलं आहे.

पट्टा अर्थातच लांब निघाला. तो घेऊन रविवार पेठेत गेले. बोहरी आळीच्या अलीकडे एक काका बॅगा दुरुस्त करतात, पायरीवर मशीन, मागे भिंतीला रनर आणि बकलांच्या माळा. त्यांनी पट्टा मला अडकवायला लावला, खडूने खूण केली आणि म्हणाले, "ताई, हा कापला की कंपनीची गॅरंटी संपली. पुढची माझी." एक वीत आणि वर चार बोटं पट्टा कापला. टोक मेणबत्तीवर धरून वितळवलं, अंगठ्याने दाबलं (कसं भाजत नाही देव जाणे), मग चौकोनी टीप मारून चौकोनात फुली मारली. जाड दोरा, जाड सुई, मशीन अडकली की हाताने चाक फिरवत. तीस रुपये. उरलेला तुकडा घडी करून माझ्या हातात दिला, "ठेवा, कधीतरी लागेल."

आता बॅग जिथे हवी तिथे, पात्यांच्या मधोमध बसते. पाठ घामेजते ती घामेजतेच, फक्त तिरकी. जो कोणी तुम्हाला या बॅगेत घाम येत नाही सांगेल त्याने पुण्यात एप्रिलमध्ये सायकल चालवलेली नाही. पाच किलोच्या वर भरलं की डावा खांदा रात्री कुरकुरतो, म्हणून चार्जर दुसरा घेऊन ऑफिसातच ठेवला. झापडीला वेल्क्रो आहे, आणि शांत मीटिंगमध्ये ती उघडली की सगळे वळून बघतात. त्यावर पट्ट्याचा उरलेला तुकडा कापून अर्ध्या वेल्क्रोवर चिकटवला, आता आवाज अर्धा.

पहिली बॅग गॅलरीत खिळ्याला आहे, कपड्यांचे चिमटे ठेवायला. छत्रीचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं, घडीची छत्री वाऱ्यात उलटते, आणि लांब छत्री बॅगेत खोचली की खांद्यामागून तलवारीच्या मुठीसारखी वर येते. परवा स्कॅनरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, लढाईला का?"