दुसरी पसंती

३ जानेवारी २००८ची संध्याकाळ. आयोवा सिटीतल्या एका शाळेच्या जिममध्ये आमच्या प्रिसिंक्टचे, म्हणजे मतदान विभागाचे, २१२ लोक जमले होते. मी नागरिक होऊन जेमतेम आठ महिने झाले होते, अमेरिकेतलं हे माझं पहिलं मत. पण तिथे चिठ्ठी नव्हती की बटण नव्हतं. कॉकस म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला भरणारी मतदारांची सभा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांदेखत.

मी बायडन यांच्या कोपऱ्यात गेले. सेनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, अनुभवी माणूस, एवढाच माझा हिशेब. भरलो आम्ही अकरा जण. गट टिकायला हजर लोकांच्या १५ टक्के हवेत, म्हणजे ३२. आमचा गट मोडला. आता दुसऱ्या कोपऱ्यात जा, नाहीतर घरी जा.

एक मुलगा धावतच माझ्याकडे आला. सतरा वर्षांचा. नोव्हेंबरातल्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तर कॉकसमध्ये येता येतं. म्हणाला, ‘ओबामांचा इराक युद्धाला पहिल्यापासून विरोध होता. क्लिंटनबाईंनी २००२मध्ये बाजूने मत दिलं.’ खरं होतं ते. पण बायडन यांनीही तेव्हा बाजूनेच मत दिलं होतं, आणि पाच मिनिटांपूर्वी मी त्यांच्यासाठी उभी होते. म्हणजे मी मत ठरवत होते ते युद्धावरून नव्हतंच. हे मला त्या क्षणी, त्या पोरासमोर उभं असताना कळलं.

मग कशावरून? २००५मध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि चार महिने आमच्याकडे आरोग्यविमा नव्हता. एका रात्री मुलाला १०३ ताप होता. मी दर अर्ध्या तासाने थर्मामीटर लावत होते आणि इमर्जन्सीत न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, याचा विचार बिलाकडे बघून करत होते. क्लिंटन यांच्या योजनेत प्रत्येकाला विमा सक्तीचा होता, ओबामांच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती. तेवढ्या एका फरकासाठी मी क्लिंटन यांच्या कोपऱ्यात गेले. नवरा समोर ओबामांच्या गर्दीत उभा होता. आमचं त्यावरून भांडण झालं नाही. त्याला क्लिंटन चालल्या असत्या, मला ओबामा चालले असते.

पुढचे पाच महिने टीव्हीवर मतदारांचे खण पाडले गेले: वयस्क बायका आणि गोरे कामगार क्लिंटनकडे, तरुण, कृष्णवर्णीय आणि उच्चशिक्षित ओबामांकडे, लॅटिनो पुन्हा क्लिंटनकडे. एक्झिट पोलचे ते आकडे खोटे नव्हते. पण इतक्या अटीतटीच्या लढतीत खणातला माणूस किती सैल बसलेला असतो, हे त्यात दिसत नव्हतं. आयोवानंतर पाचच दिवसांत न्यू हॅम्पशायर राज्यात ओबामा पुढे असल्याचं सगळे पोल सांगत होते, आणि जिंकल्या क्लिंटन. ही शर्यत थेट ३ जूनपर्यंत चालली. दोघांनाही प्रत्येकी १ कोटी ७० लाखांहून जास्त मतं पडली. एवढे सगळे लोक एकमेकांचे वैरी होते, यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. (सक्तीचा विमा शेवटी ओबामांच्याच २०१०च्या कायद्यात आला.)

त्या जिमइतकी खरी निवडणूक मी पुन्हा पाहिलेली नाही. तुमचा उमेदवार पडला, आता कोण, आणि का, हे तिथे तोंडावर विचारलं जायचं. २०२०मध्ये निकाल कळवायचं ॲप कोलमडलं, निकाल कित्येक दिवस अडकला आणि देशात सगळ्यांत आधी कौल देण्याची आयोवाची पाळी गेली. २०२४मध्ये डेमोक्रॅट्सनी पोस्टाने पसंतीपत्रं पाठवली. मला फार वाईट वाटलं. मी हे माझ्या मैत्रिणीजवळ बोलले, तेव्हा ती गप्प बसली.

ती नर्स आहे. २००८च्या त्या संध्याकाळी तिची ड्यूटी होती. कॉकसला गैरहजर राहून मत देण्याची सोयच नव्हती. ती आणि तिच्या पाळीतली दुसरी एक नर्स, दोघीही आमच्याच प्रिसिंक्टच्या आणि दोघीही क्लिंटनच्या.

आमच्या शेवटच्या मोजणीत ओबामा ९५, आणखी एक उमेदवार एडवर्ड्स ५९, क्लिंटन ५८ होते. आमच्या प्रिसिंक्टने निवडायचे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, सहा. प्रत्येक गटाची माणसं गुणिले सहा भागिले २१२, मग पूर्णांक करायचा: तीन, दोन, दोन. बेरीज सात होते, म्हणून ज्याचा अपूर्णांक सगळ्यात लहान त्याचा एक डेलिगेट कापायचा. एडवर्ड्सचे १.६७, आमचे १.६४. आमचा कापला.

त्या दोघी आल्या असत्या तर आम्ही ६० झालो असतो आणि एडवर्ड्सचा कापला गेला असता. मी हा हिशेब कागदावर मांडून मैत्रिणीला दाखवला. तिने तो दोनदा तपासला. म्हणाली, ‘त्या रात्री आयसीयूत आम्ही दोघीच होतो.’