शून्य नंबरचा स्वेटर

शनिवार, रात्री साडेदहा

पाय सुजलेत. दिवसभर खुर्चीवर बसून कुणाचे पाय सुजतात का, असं ह्यांचं म्हणणं. एकदा बसून बघावं, डिसेंबरच्या थंडीत, उघड्या मांडवात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत.

हस्तकलेच्या मेळ्यात क्रोशाच्या वस्तूंचं दुकान लावायची ही माझी तिसरी वेळ. (पुण्याची नणंद हसते. "वहिनी, दुकान लावत नाहीत, मांडतात." इंदूरात लावतात.) टेबलाचं भाडं दोन दिवसांचं १५०० रुपये. आजची विक्री ६४०: पाच कीचेन, दोन बुकमार्क, तीन केसांच्या क्लिपा. हत्ती एकही गेला नाही.

हत्तींचं वाईट वाटतं. विणून आत कापूस भरलेल्या खेळण्यांची ही जपानी तऱ्हा, अमिगुरुमी म्हणतात. सहा टाक्यांचं कडं करायचं, मग १२, १८, २४, असं फेरी न जोडता गोल गोल वाढवत जायचं. सुई त्या दोऱ्याला लागते त्याहून बारीक घ्यायची, नाहीतर मुक्या खांबांच्या, म्हणजे आखूड टाक्यांच्या, फटीतून आतला कापूस डोकावतो. एका हत्तीला चार तास लागतात, किंमत ३५०. लोक उचलतात, सोंड दाबून बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि ठेवून देतात. एका पोरीने माझ्यादेखत आईला सांगितलं, "यूट्यूब पे है, मैं बना दूँगी." बनव गं बाई. सोंडेपाशी पोचलीस की माझी आठवण काढ.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते एकच. हिंदी गिऱ्हाईक असेल तर "अरे, ये तो हमारी नानी बनाती थीं", मराठी असेल तर "आमच्या आजीच्या रुखवतात होतं हो अस्सं तोरण!" बोलतात फार मायेने. तोरणावरून हात फिरवतात, एखादीचे डोळेही भरून येतात, आणि पुढे जातात. आजीने फुकटात केलेल्या वस्तूचे आज ९०० रुपये कोण देणार?

शेजारच्या टेबलावर महेश्वरी साड्या होत्या. मी दिवसभर तिकडे कान लावून. भाव तिथेही करतात, पण "आमची आजी विणायची" असं एकाही बाईच्या तोंडून आलं नाही. येणार कसं? माग कुठे कुणाच्या स्वयंपाकघरात मावतो! अहिल्याबाईंनी विणकर आणून महेश्वरात वसवले तेव्हापासून तो रीतसर धंदा आहे. त्याला माग आहे, ताणा-बाणा आहे, खटखट आवाज आहे. माझी सुई पर्समध्ये मावते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता चालते, आवाज करत नाही. तिकडे आंध्रात नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरबसल्या क्रोशाची लेस करतात, ती परदेशात जाते, आणि पैसे मिळतात ते नगावर. घरात बसून केलं म्हणजे वेळ लागलाच नाही, असा हिशोब सगळीकडे दिसतो. दुसऱ्यांना काय बोलू, बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय'पुढे मी स्वतःच अजून गृहिणी लिहिते.

झोपायच्या आधी माळ्यावरची ती पिशवी काढली. उद्या नेऊन बघते. एरवी कसर लागणारच आहे.

रविवार, रात्री उशिरा

पिशवीत लड्डू गोपालचे, म्हणजे पूजेतल्या बाळकृष्णाच्या मूर्तीचे, बारा स्वेटर होते. दिवाळीनंतर एका पूजासाहित्याच्या दुकानदाराने सांगितले होते आणि मग घेतलेच नाहीत. म्हणाला, पिवळा दोन तऱ्हेचा आहे. होता. चूक माझी. लोकरीचा गोळा संपला, दुसरा त्याच नंबरचा आणला, पण लॉट बघितला नाही. नंबर एक असला तरी रंगवणीचा लॉट बदलला की फरक पडतो. दिव्याखाली कळत नाही, उन्हात नेलं की कळतं. ह्या खेपेला दोन पिवळे मुद्दामच केल्यासारखे दिसावेत म्हणून मधे लाल किनार घातली. लबाडी म्हणा हवं तर.

सकाळी गारठा म्हणून मी विणायला घेतलं, गिऱ्हाइकासाठी नव्हे. एक गृहस्थ थांबले. "ये तो मशीन का होगा न?" म्हटलं, नाही हो, स्वेटर विणायचं मशीन असतं, पण क्रोशाचं नाही. क्रोशात सुईवर एकच फासा, टाका पुरा केल्याशिवाय पुढचा नाही, आणि तो घालायचा कुठे ते दर वेळी बोटांनी शोधायचं. ते काही मशीनला अजून नीटसं साधलेलं नाही. त्यांना पटेना. म्हटलं, मग थांबा. समोर टोपी केली, वीस मिनिटं लागली. ते थांबले, त्यांच्यामागे बायको थांबली, मग आणखी चार जणी. रस्त्यावर जेसीबी खोदायला लागला की कसे लोक जमतात, तसे.

नऊ स्वेटर गेले, प्रत्येकी १८०.

"तीन नंबर में दिखाओ." "हमारे गोपालजी पे गुलाबी खिलता है." "आंटी, कान ढक जाएँगे न?" गोपालांचे नंबर असतात, शून्यापासून पुढे, चपलांसारखे, आणि प्रत्येकीला आपल्या देवाचा नंबर पाठ. गंमत अशी, की नातवाच्या टोपीसाठी माझ्याशी दहा मिनिटं घासाघीस करणाऱ्या बाईने गोपालच्या स्वेटरचे पैसे एक शब्द न बोलता काढून दिले. देवाच्या कपड्याला भाव करत नाहीत. माझ्या आजीच्या तोरणाला करतात.

आज सहा कीचेन आणि तीन बुकमार्कही गेले. हिशोब: आजचे २१३०, कालचे ६४०, एकूण २७७०. वजा भाडं १५००, वजा लोकर-दोरा ४३०, वजा रिक्षा आणि चहा २४०. हातात ६००. विकल्या गेलेल्या वस्तूंचे तास मोजले, ३१ भरले. तासाला एकोणीस रुपये, आणि त्यात दोन दिवसांची बैठक धरलेली नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तासाला एक प्लेट पोहेसुद्धा नाहीत." शेव-जिरावण सोडा, साधे पोहेही नाहीत. हसलो दोघं. मग मला जरा रागच आला, आणि तो कुणावर ते कळेना.

मंगळवार

मेळ्यात एकीने ऑर्डर दिलीय. शून्य नंबर, मोरपिशी, बाह्यांचा, पूर्ण. माप मात्र फोनवर सांगितलं, "बस, अंगूठे जितने हैं." अंगठ्याएवढे! कुणाचा अंगठा?

आमच्या देवघरात बाळकृष्ण आहे, लग्नात माहेरहून अन्नपूर्णेबरोबर आलेला. रांगता, एक हात वर, त्यात लोण्याचा गोळा. साधारण तेवढाच. नंबर त्याला नाही. थंडीत गंध आणि तुळशीचं पान, उन्हाळ्यातही तेच.

आईंना विचारलं, जरा माप घेऊ का. एक तर त्यांना हे सगळे रिकामपणचे उद्योग वाटतात. त्यात देव पूजेतला. "आपल्याकडे देवाला थंडी वाजत नाही," म्हणाल्या आणि माळ ओढायला लागल्या. मी विषय सोडला.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर स्वतःच हाक मारली. "हातपाय धुऊन ये." पाटावर बसल्या होत्या, तळहातावर बाळकृष्ण. मी दोऱ्याने छाती मोजली, पाठ मोजली, अर्धवट विणलेला स्वेटर चढवून बघितला. वरच्या हातातून बाही जाईना. लोण्याचा गोळा अडतो.

"खालून उसव ती," आई म्हणाल्या. "बाही खालून उघडी ठेव. कडेला तीन साखळ्यांचा फासा घाल आणि मणी लाव बटणासारखा."

मी बघतच राहिले. दसऱ्याला आमच्या दारावर लागतं ते तोरण त्यांच्याच रुखवतातलं आहे, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या हातात सुई मी एकवीस वर्षांत पाहिलेली नाही.

स्वेटर माझ्या हातून घेतला. उलटा केला. आधी उलटी बाजू बघितली, टोकं कशी लपवलीत ते, मग नखाने टाके मोजत एक फेरी फिरल्या.

"किती घेतेस ह्याचे?"

"एकशे ऐंशी."

"बाह्यांसकट?"

"हो."

"दोनशे सांग तिला." स्वेटर परत दिला, तो गळ्याकडे बोट दाखवत. "आणि ही गाठ आत घे. टोचेल त्याला."